गावच्या निसर्गशिबिरासाठी निधी : कोणत्या मार्गाने किती हातात पडतं?

निधी उभारायच्या संकेतस्थळांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की पान टाकलं की पैसे येतात. येत नाहीत. मिलाप असो, केटो असो की आणखी कुणी, पाड्यावरच्या चाळीस मुलांच्या उन्हाळी शिबिराचं पान तिथे टाकलं तर पैसे देतात ते ओळखीचेच लोक: संस्थेचे जुने देणगीदार, शिक्षकांचे वर्गमित्र, गावातून नाशिक-मुंबईला गेलेली मंडळी. मंच फक्त पावतीपुस्तक पुरवतो. पावतीपुस्तक चांगलं असणं महत्त्वाचं आहेच, पण वर्गणी मागायला दारोदार आपल्यालाच जायचं असतं.

म्हणून खालच्या प्रत्येक मार्गाला चारच प्रश्न लावले आहेत. कापून जाऊन हातात किती उरतं? कधी उरतं? पावती कुणाच्या नावाची? आणि शिबिर संपल्यावर देणगीदाराचं नाव-फोन आपल्याकडे राहतो का? चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

आधी गरज किती ते

जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावर पाच दिवसांचं, अनिवासी शिबिर धरू. चाळीस मुलं, आठ मोठी माणसं. सकाळी साडेसहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात. मेमध्ये दुपारी मुलांना उन्हात नेणं म्हणजे आजार ओढवून घेणं, त्यामुळे मधला वेळ सुट्टीचा. खर्चाचा अंदाज असा: नाश्ता आणि जेवण माणशी दिवसाला ९० रुपये, म्हणजे २१,६००. स्वयंपाकाच्या दोन ताई, तयारीचा एक दिवस धरून सहा दिवस, रोज ५०० प्रमाणे ६,०००. प्रत्येक मुलाला वही, पेन्सिल, भिंग, टोपी मिळून २०० रुपयांचा संच, म्हणजे ८,०००. चार साध्या ८×४२ दुर्बिणी १६,०००. तापमापी, मोजपट्ट्या, पाणी तपासायच्या पट्ट्या, ओआरएस आणि प्रथमोपचार पेटी ४,५००. तीन मार्गदर्शकांचं मानधन रोजी १,००० प्रमाणे १५,०००. गावातले चार मदतनीस रोजी ५०० प्रमाणे १०,०००. पाच दिवस उभी जीप आणि सामानाची ने-आण १४,०००. मुलांचा अपघात विमा २,०००. पिण्याचं पाणी ३,०००. छपाई आणि अहवाल ३,५००. झाले १,०३,६००. आकस्मिक खर्चाला ८,४०० धरले की १,१२,००० रुपये. मुलामागे २,८०० आणि मुलामागे दिवसाला ५६०.

तालुक्यागणिक भाव थोडे इकडेतिकडे होतील. पण उभी जीप आणि विमा या दोन ओळी कापायच्या नाहीत. अंदाजपत्रक 'देखणं' करायच्या नादात सगळ्यात आधी त्याच कापल्या जातात, आणि साप किंवा विंचू चावला की जवळचं ग्रामीण रुग्णालय वीस-तीस किलोमीटरवर असतं.

५६० हा आकडा लक्षात ठेवावा. मागणी करताना '१,१२,००० पैकी काहीतरी द्या' यापेक्षा 'एका मुलाचा एक दिवस ५६०, एका मुलाचं पूर्ण शिबिर २,८००' हे लोकांना चटकन कळतं. फक्त '५६० रुपयांत एक मूल निसर्ग शिकेल' असं लिहू नये. ते खोटं आहे, कारण त्या ५६० मध्ये जीपचा आणि मानधनाचा वाटा आहे. एखादा देणगीदार विचारतोच, 'जेवण-वहीला ५६० कसे लागतात?' उत्तर तयार हवं.

तारखा पैशाच्या आधी पक्क्या कराव्या लागतात. जव्हार-मोखाड्याची बरीच कुटुंबं वीटभट्टीवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. एप्रिलच्या सुरुवातीला शिबिर ठेवलं तर ज्या मुलांच्या नावाने पैसे मागितले तीच गावात नसतात. मेळघाट आणि गडचिरोलीकडे मे महिना तेंदूपत्त्याचा. पहाटेपासून घरातली सगळी, पोरंसोरंसुद्धा, जंगलात, आणि सकाळचं सत्र रिकामं. तिकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा हंगाम संपल्यावरचे दिवस मिळतात.

मिलाप आणि केटो

मिलाप बंगळुरूची, २०१० ची. केटो मुंबईची, २०१२ ची. दोन्हींचा मोठा कारभार वैद्यकीय मदतीचा आहे, आणि शिबिरवाल्यांना ते समजून घेणं भाग आहे. तुमच्या पानाच्या शेजारी अतिदक्षता विभागातल्या बाळाचं पान असतं. तिथे सहज फिरत आलेला माणूस पैसे कुणाला देईल हे सांगायला नको, आणि तसं देण्यात त्याचं काही चूकही नाही.

पान तयार करणं सोपं. मोबाईलवरून तासाभरात होतं, मराठीत मजकूर लिहिता येतो, यूपीआयने पैसे घेता येतात आणि दुवा व्हॉट्सअॅपवर नीट उघडतो. जमेची बाजू एवढी, आणि ती लहान नाही. शहरातल्या अनोळखी माणसाला संस्थेच्या बँक खात्याच्या क्रमांकापेक्षा अशा पानावर जास्त विश्वास वाटतो. वर किती जमले तो पट्टा दिसतो, त्याचाही परिणाम होतो.

आता कापाकापी. 'मंचाचं शुल्क शून्य' असं लिहिलेलं असतं तेव्हा खर्च देणगीदाराच्या ऐच्छिक टीपमधून निघतो. ही टीप पैसे भरायच्या पानावर आधीच निवडलेली असू शकते. समजा १५ टक्के असेल, तर १,००० द्यायला निघालेल्या माणसाच्या खात्यातून १,१५० जातात. टीप काढता येते, पण कुठून ते शोधावं लागतं, आणि वयस्क देणगीदार शोधत नाहीत. मग 'मी ११५० दिले, तुमच्या पानावर १००० का?' असा फोन येतो. उपाय सोपा आहे. दुवा पाठवतानाच एक ओळ लिहावी: 'खाली टीपचा पर्याय आहे, तो शून्य केला तरी आमची हरकत नाही.' पैसे भरायच्या पानाचा फोटो काढून त्यावर बाण करून पाठवला तर आणखी उत्तम.

पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या सेवेचा, खर्च वेगळा. साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. १,१२,००० हातात यायला हवे असतील तर पानावर सुमारे १,१४,७०० चं उद्दिष्ट ठेवावं लागतं. मंचाने ५ टक्के आणि वर जीएसटी घेतला तर एकूण कपात ८.२६ टक्क्यांवर जाते आणि उद्दिष्ट १,२२,१०० च्या आसपास. शुल्काच्या योजना बदलत राहतात, त्यामुळे पान सुरू करायच्या दिवशीचा दर लेखी घेऊन ठेवावा. पुष्कळ संस्था उद्दिष्ट नेमकं खर्चाइतकंच ठेवतात, आणि मग शेवटच्या दिवशी जीपवाल्याचे पैसे कार्यकर्त्यांच्या खिशातून जातात.

पैसे काढायला कागदपत्रं लागतात: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला धनादेश, अधिकृत सहीचा ठराव. नोंदणीतलं नाव, पॅनवरचं नाव आणि खात्याचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. 'बहुउद्देशीय' एका कागदावर जोडून आणि दुसऱ्यावर तोडून छापलेलं असलं तरी आठवडाभर अडकायला पुरतं. पान चालू करायच्या आधीच ही पडताळणी पूर्ण करून घ्यावी, पैसे जमल्यावर नाही.

मोहीम ३० ते ४५ दिवसांची ठेवावी. त्याहून लांबली तर लोक 'नंतर देऊ' म्हणतात. पान जाहीर करायच्या आधी दहा-बारा ओळखीच्या लोकांकडून शब्द घ्यावा, म्हणजे पहिल्या तीन दिवसांत चौथाई रक्कम दिसते. रिकामं पान रिकामंच राहतं.

चौथ्या प्रश्नाला इथे कमी गुण. देणगीदारांची यादी मिळते, पण अनामिक देणाऱ्यांची माहिती मिळत नाही आणि मंचाकडून त्यांना इतर मोहिमांचे निरोपही जाऊ शकतात. म्हणजे आपण आणलेला माणूस मंचाचाही होतो.

गिव्ह

गिव्हइंडिया, आता नुसतंच गिव्ह, २००० सालापासून आहे. इथे कुणीही उठून पान टाकू शकत नाही. संस्थेची छाननी होते. नोंदणी, 80जी (देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळते ती मान्यता), लेखापरीक्षित हिशेब असं सगळं लागतं. पहिल्यांदा येणाऱ्या छोट्या संस्थेला हे जड जातं, पण एकदा आत गेलं की त्या छाननीचा शिक्का कंपन्यांसमोर उपयोगी पडतो. मेच्या शिबिरासाठी मार्चमध्ये अर्ज करणाऱ्यांनी मात्र इकडे वळू नये. हा मार्ग पुढच्या वर्षाच्या तयारीचा.

डोनेटकार्ट

ही हैदराबादची. इथे पैशाऐवजी वस्तू दिल्या जातात. संस्था यादी लावते, देणगीदार त्यातली वस्तू विकत घेतो आणि ती वस्तू संस्थेकडे पोचते. निसर्गशिबिराला हे अर्धवट जुळतं. वरच्या अंदाजपत्रकातले मुलांचे संच, दुर्बिणी आणि तपासणीचं साहित्य मिळून २८,५०० होतात. कोरडा शिधा साधारण निम्म्या जेवणखर्चाइतका, म्हणजे १०,८००. एकूण ३९,३००, म्हणजे खर्चाचा तिसरा हिस्सा. मानधन, जीप, विमा, ताज्या भाज्या असला खर्च वस्तूंच्या यादीत बसत नाही. यादी पूर्ण भरली आणि शिबिराला माणसं न्यायला पैसेच नाहीत, असा विचित्र प्रसंग इथूनच येतो. दुसरी गोष्ट, पत्ता तालुक्याच्या ठिकाणचा द्यावा. माल पाड्यापर्यंत येईल असं धरून चालू नये. मिळाल्याचा फोटो आणि पोच वेळेवर द्यावी लागते, आणि पाड्यावर रेंज नसेल तर हे काम कोण करणार ते आधी ठरवावं.

तरीही दुर्बिणींसाठी हा मार्ग बरा. 'एक दुर्बीण ४,००० रुपये, पुढची पाच वर्षं वापरली जाईल' हे लोकांना पटतं. जेवणाच्या पैशासाठी जितकं समजवावं लागतं तितकं इथे लागत नाही.

स्वतःचा क्यूआर आणि स्वतःचं पेमेंट पान

छोट्या संस्थेला आमचा कौल इथे. संस्थेच्या खात्याला जोडलेल्या साध्या यूपीआय क्यूआरवर व्यापारी शुल्क शून्य आहे. सरकारने जानेवारी २०२० पासून ते काढून टाकलं. म्हणजे १,१२,००० जमले तर १,१२,००० च. पैसे लगेच दिसतात. देणगीदार आपलाच.

मग अडतं कुठे? यूपीआयने आलेल्या पैशासोबत नाव आणि आयडी येतो, पॅन आणि पत्ता येत नाही. 80जीची पावती द्यायची असेल तर संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यावर फॉर्म १०बीडी भरावा लागतो. त्यात प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, रक्कम आणि ती कशी आली हे लागतं. मुदत ३१ मे. म्हणजे ऐन शिबिराच्या धामधुमीत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, वर दंडाची तरतूद वेगळी. तो भरल्यावरच देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं आणि त्यावरच त्याला सवलत मिळते. आपण छापलेली रंगीत पावती त्यासाठी पुरेशी नाही. (नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. लोक मात्र '80जी आहे का?' असंच विचारतील. नवा क्रमांक सीएकडून घ्यावा.)

क्यूआरच्या खाली चार ओळींचा फॉर्म जोडावा: नाव, पत्ता, पॅन, व्यवहार क्रमांक. पैसे देऊन झाल्यावर तो कुणी भरत नाही, म्हणून फॉर्मच्या शेवटच्या पानावर क्यूआर ठेवायचा, आधी नाही. एवढ्या एका उलटापालटीने अर्धी डोकेदुखी जाते. उरलेल्यांसाठी जुनी युक्ती: शिबिरासाठी २,८०० ऐवजी २,८०१ मागावेत. खात्याच्या उताऱ्यात एकाने संपणारी रक्कम दिसली की ती शिबिराची. दोन गावांची शिबिरं असतील तर दुसऱ्याचे २,८०२.

ज्यांना कार्डाने किंवा नेटबँकिंगने द्यायचं आहे त्यांच्यासाठी रेझरपेसारख्या कंपनीचं पेमेंट पान ठेवता येतं. त्यात पॅन-पत्त्याचे रकाने सक्तीचे करता येतात, पैसे साधारण दोन कामाच्या दिवसांत खात्यात येतात आणि २ टक्के अधिक जीएसटी जातो. शंभरातले साठ-सत्तर देणगीदार क्यूआरवर आणि उरलेले या पानावर, अशी वाटणी धरली तर कपात हजार रुपयांच्या आसपास राहते.

रोख रकमेबद्दल: जत्रेत किंवा लग्नात पेटी फिरवायला हरकत नाही, पण २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला 80जी सवलत मिळत नाही. क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक वापरावं, पाच रुपये देणाऱ्यालाही पावती द्यावी. नावं न नोंदवता आलेली मोठी रक्कम अनामिक देणगीत मोजली जाते आणि मर्यादेपलीकडे तिच्यावर ३० टक्के कर लागतो.

संस्था नोंदलेलीच नसेल, म्हणजे चार शिक्षक आणि दोन तरुण मंडळं मिळून शिबिर घेत असतील, तर महाराष्ट्रात लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. एका शिक्षकाच्या बचत खात्यावर क्यूआर लावून पैसे घेणं सोपं वाटतं, पण मग ते पैसे त्याचे की शिबिराचे हे प्राप्तिकर खात्याला सांगत बसायची वेळ त्याच्यावर येते. परवानगीचा खटाटोप नको असेल तर शेजारच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाने शिबिर घ्यावं, आणि खर्चाचे अधिकार लेखी ठरवून घ्यावेत.

80जीचं आमिष किती चालतं?

पूर्वीइतकं नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून तीच प्रणाली आपोआप लागू होते. पगारदार छोट्या देणगीदाराला आता '५० टक्के सवलत' सांगून फार फरक पडत नाही. जुन्या प्रणालीत राहिलेले ज्येष्ठ नागरिक आणि व्यावसायिक विचारतात. त्यांनाच सांगावं.

पण सवलतीच्या देणग्या मार्चमध्ये येतात, आणि शिबिर मेमध्ये असतं. ३१ मार्चच्या आत आलेल्या पैशाचं प्रमाणपत्र त्याच वर्षीच्या मेअखेर निघतं. १ एप्रिलला आलेल्या पैशाचं पुढच्या वर्षीच्या मेमध्ये. देणगीदाराला हे आधी सांगितलं नाही तर तो वर्षभर फोन करतो. संस्थेच्या बाजूनेही गुंता आहे. मार्चमध्ये जमा झालेले आणि मेमध्ये खर्च होणारे पैसे त्या वर्षाच्या ८५ टक्के खर्चाच्या नियमात (संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्चायचे) कसे दाखवायचे, खर्च पुढे ढकलायचा फॉर्म ९ए भरायचा का, हे सीएला फेब्रुवारीतच विचारावं. स्वतःच्या 80जी नोंदणीची मुदतही त्याच वेळी पाहून घ्यावी. ती पाच वर्षांची असते, तात्पुरती असेल तर तीन, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी करायचा असतो. मुदत संपलेल्या क्रमांकावर पावत्या फाडणाऱ्या संस्था थोड्या नाहीत.

कंपन्यांचा सीएसआर

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामावर करायचा सक्तीचा खर्च. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. पर्यावरण आणि शिक्षण दोन्ही त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे चालणाऱ्या कामांच्या यादीत, आहेत, म्हणजे निसर्गशिबिर बसतं. संस्थेकडे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफीची), 80जी आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी हवी. सीएसआर-१ ची १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे.

बसत नाही तो आकार. लाखाच्या शिबिरासाठी कंपनीला जितके कागद करावे लागतात तितकेच पन्नास लाखांच्या प्रकल्पासाठी. त्यामुळे एका पाड्याचा प्रस्ताव टेबलावर पडून राहतो. दहा गावं, तीन वर्षं, शिबिरानंतर शाळेत महिन्यातून एक सत्र असं बांधलं तर बोलणं पुढे सरकतं. जव्हार-मोखाड्यासाठी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहावं. आपल्याच जिल्ह्यात काम दाखवण्यात कारखान्यांनाही रस असतो.

वेळ दोनदा येते. ऑक्टोबर ते डिसेंबर, रीतसर प्रस्तावाची. आणि फेब्रुवारी, जेव्हा न खर्चलेल्या रकमेचं काय करायचं हा प्रश्न कंपनीच्या लेखाविभागाला पडतो, कारण ३१ मार्चनंतर ती रक्कम वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत वळवावी लागते. फेब्रुवारीत ज्याच्याकडे छापील अंदाजपत्रक, तारखा आणि सगळी प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये तयार असतात, त्याचं काम होतं.

एक वाद ठरलेला: ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, संस्थेच्या अंदाजपत्रकावर नाही. तरी पुष्कळ ठिकाणी ती संस्थेवर लावली जाते आणि मार्गदर्शकांचं मानधन 'प्रशासन' म्हणून कापायला सांगतात. निसर्गशिबिरात मानधन हाच शिकवण्याचा खर्च आहे. अंदाजपत्रकात ती ओळ 'प्रशिक्षक मानधन : अध्यापन' अशी लिहावी, 'कर्मचारी खर्च' अशी नाही. नुसत्या नावावर वाचतं.

परदेशातले मराठी

इथे उत्साह मोठा आणि चुका महागड्या. परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायला २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीपासून खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावं लागतं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के, आणि आलेले पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. 'अमक्या मोठ्या संस्थेच्या खात्यात घेऊ आणि ते आपल्याला देतील' हा मार्ग तेव्हापासून बंद.

न्यू जर्सीतला भाचा देतोय म्हणजे परदेशी देणगी, असं मात्र सरसकट नाही. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिक झाला असेल, तर मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी स्रोत. म्हणून पैसे घ्यायच्या आधी पासपोर्टची प्रत मागावी. अवघड वाटतं, पण मागावी. संस्थेच्या साध्या खात्यावर काकांनी अमेरिकेतून प्रेमाने पाठवलेले ५०० डॉलर्स पुढच्या लेखापरीक्षणात सगळ्यांची झोप उडवतात.

परदेशी देणगीची नोंदणी असेल तर ग्लोबलगिव्हिंग हा निधीसंकलनाचा मंच आणि १९७८ पासून चालू असलेलं अमेरिकेतलं महाराष्ट्र फाउंडेशन हे दोन रस्ते पाहण्यासारखे. दोन्हीकडे छाननी सावकाश आणि काटेकोर होते. एका उन्हाळ्याच्या शिबिरासाठी नाही, पण पाच वर्षं टिकणाऱ्या कामासाठी मोलाचे.

धावणं आणि दानउत्सव

टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते आणि तिचं निधीसंकलन युनायटेड वे मुंबई सांभाळते. संस्थेने आधीच्या वर्षी नाव नोंदवायचं आणि आपल्यासाठी धावणारी, पैसे मागणारी माणसं शोधायची. मुंबईत ओळखी असतील तरच जमतं. २ ते ८ ऑक्टोबरचा दानउत्सव, म्हणजे देशभरचा देण्याचा सप्ताह, बिनखर्चाचा. शहरातल्या एखाद्या शाळेने 'आमच्या वर्गाकडून तिकडच्या दहा मुलांचं शिबिर' असं ठरवलं की २८,००० रुपये उभे राहतात, आणि मेमध्ये त्याच शाळेला पाड्यावरच्या मुलांनी काढलेल्या पक्ष्यांच्या नोंदी पाठवता येतात.

ज्याला कुणी निधी म्हणत नाही तो

पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीतून थेट पैसे मिळतात. ते कशावर खर्चायचे हे ग्रामसभा ठरवते, आणि वनं, वन्यजीव, शिक्षण यांना त्यात जागा आहे. हिवाळ्यातल्या ग्रामसभेत शिबिराचा ठराव करून घेतला तर पाणी, मंडप, स्वयंपाकाचं मानधन इतकं तरी गावाकडून निघू शकतं. ग्रामसेवकाला ठरावाचा मसुदा लिहून द्यावा, नुसती विनंती करून सोडू नये.

तांदूळ, नागली, लाकूडफाटा, वर्गखोल्या, रात्री सामानाजवळ झोपणारी दोन माणसं: गावाचा वाटा रुपयांत मोजून अहवालात लिहावा. वस्तुरूप देणगीला 80जी सवलत नाही, पण शहरातल्या देणगीदाराला 'गावाने १५,००० चा शिधा घातला' हे वाचलं की आपले पैसे एकटे नाहीत हे कळतं. नुसत्या करुण फोटोंपेक्षा याचा परिणाम जास्त. फोटोंवरून आठवलं: मुलांचे चेहरे पानावर टाकायच्या आधी पालकांची लेखी संमती मराठीत, वाचून दाखवून घ्यावी. 'शिबिरापूर्वी' म्हणून मळकट कपड्यातला फोटो टाकायची चाल तर बंदच करावी. गावात कुणीतरी तो मोबाईलवर पाहतोच, आणि पुढच्या वर्षी त्या घरची मुलं येत नाहीत.

शिबिरानंतर पंधरा दिवसांत दोन पानांचा हिशेब जायला हवा: किती मुलं आली (रोजची हजेरी, पहिल्या दिवसाची नाही), कोणत्या ओळीवर किती खर्च, काय फसलं. शक्य असेल तर मुलांनी नोंदवलेली झाडं, पक्षी आणि पाणवठे यांची यादी गावाच्या जैवविविधता समितीकडे द्यावी. लोकजैवविविधता नोंदवहीत ती लागली की पुढच्या प्रस्तावाला जोडायला कागद तयार होतो.

पहिल्यांदाच शिबिर घेणाऱ्याने कशाने सुरुवात करावी? जानेवारीत फॉर्मसह स्वतःचा क्यूआर, फेब्रुवारीत दोन कारखाने आणि ग्रामसभेचा ठराव, १ ते ३१ मार्च ओळखीच्या साठ लोकांना स्वतः फोन. मिलाप किंवा केटोचं पान एप्रिलमध्ये, तेही उरलेल्या २०-२५ हजारांसाठी आणि ज्यांना क्यूआरवर विश्वास नाही अशांसाठी. त्या क्रमाने केलं तर पानावरचा पट्टा पहिल्याच आठवड्यात भरतो आणि कपात लागते ती फक्त शेवटच्या पाचव्या हिश्शावर.

आवाहनाच्या मजकुरात एक ओळ मात्र पहिल्या दिवसापासून असावी, कारण नंतर घालता येत नाही: 'शिबिराचा खर्च भागून रक्कम उरल्यास ती याच गावातल्या पुढच्या उन्हाळी शिबिरासाठी राखून ठेवली जाईल.' ही ओळ नसेल तर उरलेल्या सहा हजारांसाठी साठ जणांना पुन्हा फोन करून विचारावं लागतं.